लिहून देणार, लिहून घेणार

नांदेड असो वा लातूर, रजिस्ट्री ऑफिसची आतली खोली बाहेरच्या गर्दीच्या मानाने लहानच निघते. बाहेर दस्तलेखकांची टेबले, मुद्रांक विक्रेते, झेरॉक्सची दुकाने आणि झाडाखाली बसलेली दोन-तीन गावांची माणसे. जमिनीचा सौदा महिना-दीड महिना चाललेला असतो. मध्यस्थ, इसार, मोजणी, बँकेचा बोजा उतरवणे, भावकीतले रुसवेफुगवे, सगळे पार पडलेले असते. आतले काम मात्र काही मिनिटांचे. टेबलावर संगणक, त्यावर छोटा कॅमेरा, अंगठा टेकवायचे यंत्र आणि पलीकडे दुय्यम निबंधक. पुकारा झाला की लिहून देणार आणि लिहून घेणार समोर उभे राहतात. साहेब कागद चाळतात आणि लिहून देणाऱ्याकडे पाहून विचारतात, हा दस्त तुम्हीच लिहून दिला का? सही तुमचीच का? पैसे पोचले का? 'हो' आले की फोटो, अंगठा, शिक्का. पुढचा नंबर.

१९०८ च्या नोंदणी अधिनियमाचा सारा भार 'तुम्हीच लिहून दिला का' या प्रश्नावर आहे. कायद्याचे कलम ३४ दुय्यम निबंधकाला तीन गोष्टी तपासायला सांगते. दस्त ज्यांनी करून दिला असे म्हटले आहे त्यांनीच तो केला का, समोर उभा असलेला माणूस खरोखर तोच का, आणि कोणी दुसऱ्याच्या वतीने आला असेल तर त्याला तसा अधिकार आहे का. कलम ३५ पुढे सांगते की सही कबूल केली आणि ओळख पटली तर दस्त नोंदवायचा. सही नाकारली, किंवा समोरची व्यक्ती अज्ञान वा वेडसर दिसली, तर नोंदवायचा नाही. सही करणारा वारला असेल आणि त्याच्या वारसाने ती नाकारली, तरीही नाही. २००१ च्या दुरुस्तीने कलम ३२-अ आले आणि दस्ताला फोटो व बोटांचे ठसे जोडणे सक्तीचे झाले. तोतया उभा करून दुसऱ्याची जमीन विकण्याचे प्रकार रोखायला ही तरतूद कामी आली. कलम ८२ प्रमाणे तोतयेगिरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कलम ८३ दुय्यम निबंधकाला असा खटला सुरू करण्याचा अधिकार देते.

या यादीत एक प्रश्न कुठेच नाही: जमीन कोणाची?

मराठवाड्यात 'रजिस्ट्री झाली' म्हटले की जमीन झाली, असाच अर्थ घेतला जातो. रजिस्ट्री सरकारी अधिकाऱ्यासमोर होते, सरकारी शुल्क भरून होते, कागदावर सरकारचा शिक्का असतो, तेव्हा विकणाऱ्याची मालकी सरकारने तपासलीच असणार, असे माणूस धरून चालतो. तसे नाही. नोंदलेले खरेदीखत एवढेच सांगते की अमुक माणसाने अमुक तारखेला अमुक हक्क तमुक माणसाला लिहून दिला. देणाऱ्याकडे तो हक्क होता का, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२५ ला के. गोपी प्रकरणात हे पुन्हा स्वच्छ सांगितले. तामिळनाडूतल्या एका नियमाने दुय्यम निबंधकाला मालकीचे मूळ कागद मागण्याचा आणि ते नसल्यास नोंदणी नाकारण्याचा अधिकार दिला होता. तो नियम रद्द झाला. त्याआधी २०१६ मध्ये सत्यपाल आनंद प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते की एकदा नोंदलेला दस्त रद्द करण्याचा अधिकारही या अधिकाऱ्याला नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागेल.

ही मर्यादा मला योग्य वाटते. तालुक्याच्या गावी, दिवसात कित्येक दस्त हातावेगळे करणारा अधिकारी मालकीचे वाद सोडवू लागला, तर प्रत्येक व्यवहार त्याच्या मर्जीवर टांगला जाईल. पुरावा, साक्ष, उलटतपासणी यातले काहीच त्याच्यापुढे होत नाही. पण ही मर्यादा लोकांना माहीत असायला हवी. आयुष्याची पुंजी घालून प्लॉट घेणारा शिपाई किंवा शिक्षक तीस वर्षांचा सर्च न काढता, फेरफार न पाहता, केवळ रजिस्ट्री होणार म्हणून निर्धास्त राहतो आणि पुढे कोर्टात उभा राहतो. पैसे देण्याआधी त्याला एवढेच सांगणारे कोणी त्याच्या वाटेवर भेटत नाही.

याची दुसरी बाजू लातूर आणि नांदेडच्या वेशीवर दिसते. शहरे पसरली. लातूरला शिकवण्यांसाठी आलेली कुटुंबे तिथेच राहिली, आणि वेशीला लागून असलेल्या शेतांत एक गुंठा, दोन गुंठे असे प्लॉट पडत गेले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरलेल्या प्रमाणक्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नव्हता. रजिस्ट्री होईना, म्हणून लोकांनी बाँडवर व्यवहार केले. नोटरीचा शिक्का मारलेला, मध्यस्थाने जपून ठेवायला सांगितलेला तो कागद कपाटात असतो, वर घर उभे असते, आत माणसे राहतात. नोंदणी कायद्याचे कलम १७ मात्र शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावर मालमत्तेचा हक्क देणारा प्रत्येक दस्त नोंदलाच पाहिजे असे म्हणते. शंभराचा हा आकडा कायद्यात अजून तसाच आहे. नोंदला नाही तर कलम ४९ प्रमाणे त्या कागदाने मालमत्तेवर हक्क येत नाही. त्यामुळे बँक त्यावर कर्ज देत नाही आणि सातबाऱ्यावर नावही लागत नाही.

१२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढले की मंजूर रेखांकन किंवा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी नसेल तर अशा तुकड्यांचे दस्त नोंदवू नयेत. मराठवाड्यातल्या लोकांना याची झळ बसली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. ५ मे २०२२ ला न्यायालयाने ते परिपत्रक आणि महाराष्ट्र नोंदणी नियम १९६१ मधला त्याला आधार देणारा नियम ४४(१)(i) रद्द केला. संसदेने केलेल्या नोंदणी कायद्याने दुय्यम निबंधकाला जो अधिकार दिला नाही, तो परिपत्रकाने देता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. सरकारने पुढे मूळ कायद्यातच दुरुस्ती करून मनाईला आधार देण्याचा मार्ग धरला. दुसरीकडे तुकडेबंदी सैल होत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे असे प्रमाणक्षेत्र ठरले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अध्यादेश काढून शहरी हद्दीतले जुने लहान तुकडे कायदेशीर करण्याची वाट मोकळी केली. या सगळ्या वर्षांत टेबलापलीकडचा दुय्यम निबंधक मधल्या मधे सापडला. दस्त नोंदवला तर परिपत्रक मोडले, नाही नोंदवला तर कायदा.

त्याच्यापुढची मनाईची यादी मराठवाड्यात विशेष लांब आहे आणि तिची मुळे इथल्या इतिहासात आहेत. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० खाली कुळाला मिळालेली जमीन विकण्यावर अटी आहेत. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने इनाम जमिनींचे वेगवेगळे वर्ग पडले. देवस्थानाच्या आणि वक्फच्या जमिनी या भागात मोठ्या आहेत. किनवट-माहूरकडे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आडवे येते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत यातले काही लिहिलेले असते, काही लिहायचे राहून गेलेले असते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला. तीनशे कोटींचा व्यवहार आणि मुद्रांक पाचशे रुपयांचा, अशा बातम्या आल्या आणि दुय्यम निबंधकावर निलंबनाची कारवाई झाली. तेव्हा अनेकांनी विचारले की याने नोंदवलाच कसा. मालकी तपासणे त्याचे काम नाही. मुद्रांक पुरेसा आहे की नाही हे पाहणे मात्र पक्के त्याचे काम आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे कमी मुद्रांकाचा दस्त समोर आला तर तो अटकवून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवण्याचे कर्तव्य त्याच्यावर आहे. हा फरक लक्षात ठेवला की अशा प्रकरणात कोणाला काय विचारायचे ते नेमके कळते.

सरकार त्याच्याकडून मुख्यतः वसुलीच पाहते, हेही सांगायला हवे. मुद्रांक आणि नोंदणी शुल्कातून राज्याला वर्षाला पन्नास हजार कोटींहून अधिक पैसा येतो. वर्षअखेरीला या ऑफिसांत उद्दिष्टाचीच चर्चा असते. साक्षीदार आणि वसुली अधिकारी ही दोन्ही कामे एकाच माणसावर पडली की ज्या कामाची दरमहा मोजदाद होते ते जिंकते. समोरच्या बाईला प्रश्न किती काळजीपूर्वक विचारला, याची नोंद कोणत्याही मासिक तक्त्यात नसते.

या ऑफिसांच्या अभिलेख खोल्यांकडे मराठवाड्याने फार उशिरा पाहिले. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. संस्थानाचा स्वतःचा नोंदणी कायदा होता, कारभाराची भाषा उर्दू आणि तारखा फसली सनाच्या. १३५८ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४८ पासूनचे वर्ष, आणि आजर, दै, बहमन अशी महिन्यांची नावे. भारताचा १९०८ चा कायदा इथे लागू झाला तो १९५१ मध्ये. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने सीमा हलल्या. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादमधून नांदेडला आले. उलट देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्यामुळे उदगीरकडच्या एखाद्या घरात आजोबांच्या आजोबांचे खरेदीखत असेल तर त्यावर जिल्ह्याचे नाव बिदर असते, भाषा उर्दू असते, आणि तारीख कॅलेंडरवर शोधूनही सापडत नाही. वहिवाटीचा वाद उभा राहिला की वकील १९५४-५५ चे खासरा पत्रक मागतात. त्याच्या मागे जायचे तर वाचणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात.

७ सप्टेंबर २०२३ ला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीची स्थापना झाली, कुणबी नोंदी शोधण्यासाठी. शोधायच्या कागदांत दुय्यम निबंधक कार्यालयांतली जुनी खरेदीखते, गहाणखते, बटईपत्रे, दत्तकपत्रे, मृत्युपत्रेही होती, कारण लिहून देणाऱ्याच्या नावापुढे जात लिहिण्याची तेव्हा पद्धत होती. मोडी आणि उर्दू वाचणारे बोलावले गेले. कपाटे उघडली, धूळ झटकली गेली, पाने स्कॅन झाली. लातूरला इतर जिल्ह्यांच्या मानाने फार थोड्या नोंदी मिळाल्या आणि त्यावरून राजकारण तापले. त्या राजकारणात मला इथे जायचे नाही. मला लागते ते हे की इतकी दशके हे दप्तर कोणाला आठवले नव्हते. गावातली कोणती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, कोणी मुलगा नसताना कोणाला दत्तक घेतले, कोणत्या सावकाराकडे कोणाचे शेत गहाण पडले, हा सारा इतिहास त्या पुस्तकांत आहे. पुस्तके नीट ठेवणे आणि सूची करणे हे या अधिकाऱ्यावर कायद्याने टाकलेले कर्तव्यच आहे. जातीच्या दाखल्यासाठी कपाटे उघडली, ठीक. पण ती उघडीच राहावीत, पाने ओल आणि वाळवीपासून वाचावीत आणि वाचता येणारी माणसे नेमलेली राहावीत.

आता टेबलावर विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या अधिकाऱ्याची खरी सत्ता तिथेच आहे.

तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात खरेदीखताइतकेच नेमाने येणारे दस्त म्हणजे हक्कसोडपत्र. बाप वारतो. तलाठी वारसाचा फेरफार घेतो, सातबाऱ्यावर दोन भाऊ, तीन बहिणी आणि आई अशी सगळ्यांची नावे लागतात. मग भावांना कर्ज काढायचे असते, विहीर घ्यायची असते, कधी जमीन विकायची असते, आणि बहिणींना निरोप जातो. सकाळच्या एसटीने किंवा भावाने पाठवलेल्या गाडीने त्या तालुक्याला येतात. दस्त तयार असतो. रक्ताच्या नात्यात, मोबदला न घेता सोडलेल्या वडिलोपार्जित हक्काला पाचशे रुपयांचा मुद्रांक पुरतो. दस्तात लिहिलेले असते की मी माझ्या खुषीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता हक्क सोडत आहे. बाहेर बाकावर त्या ओळीने बसतात. थोरलीचा चष्मा घरीच राहिलेला असतो, मधली पायातली वहाण सारखी करते, धाकटीचा नवरा फोन करून विचारतो की झाले का. भाऊ चहा घेऊन येतो.

आत प्रश्न विचारला जातो तेव्हा भाऊ शेजारीच उभा असतो. 'हो' येते, मान हलते, अंगठा टेकतो. संगणकाच्या पडद्यावर फोटो उमटतो आणि साहेब दुसऱ्या बहिणीला पुढे बोलावतात.

यातल्या अनेक बहिणी मनापासून सोडतात, हे मी नाकारत नाही. भावाची चार एकर कोरडवाहू, त्यात सगळ्यांचे वाटे केले तर कोणाच्याच हाती काही लागत नाही, हे त्यांना भावाइतकेच कळते. माहेर टिकावे, भाऊबीजेला यायला दार उघडे असावे, चोळीबांगडीचा मान राहावा, हीही खरी इच्छा असते आणि तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण ज्या बहिणीच्या मनात नसते तिला 'नाही' म्हणायला सबंध व्यवहारात एकच जागा आहे, ती म्हणजे हे टेबल. घरी ती बोलू शकत नाही. गावात चार माणसांसमोर बोलू शकत नाही. बाँड रायटरसमोर तर नाहीच. इथे कायदा एका सरकारी अधिकाऱ्याला सांगतो की तिला विचार. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिक हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा बदलला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सांगितले की मुलीला हा हक्क जन्माने मिळतो, बाप २००५ ला हयात असो वा नसो. एवढ्या मोठ्या कायद्याचा शेवट तालुक्याच्या खोलीत एका घाईच्या 'हो'ने व्हावा?

मला वाटते की हक्कसोडपत्र करून देणाऱ्या प्रत्येक बाईला दुय्यम निबंधकाने एकटीला विचारावे. भाऊ, नवरा, दस्तलेखक, सगळ्यांनी बाहेर थांबावे. दस्त तिला वाचून दाखवावा, कोणत्या गटातले किती क्षेत्र ती सोडते ते आकड्यात सांगावे, त्या भागातला रेडी रेकनरचा दर सांगावा. ही पाच मिनिटांची गोष्ट. यासाठी नवा कायदा लागत नाही. दस्त करून दिला का, याची खातरजमा करण्याचे काम कलम ३४ त्याच्याकडे देतेच, आणि ती कशी करावी हे ठरवायला त्याला पुरेशी मोकळीक आहे. विभागाने एका सूचनेने हे घडवून आणावे. परिपत्रके काढण्याची सवय विभागाला आहेच. त्यातले एक या कामासाठी निघाले तर मराठवाड्यातल्या लेकीबाळींचे फार भले होईल.

ज्याला येता येत नाही त्याच्याकडे जाण्याची तरतूदही कायद्यात आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. कलम ३१ प्रमाणे तसेच कारण असेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन दस्त स्वीकारू शकतो. कलम ३८ सांगते की शारीरिक दुर्बलतेमुळे ज्याला मोठ्या त्रासाविना येता येत नाही, किंवा जो तुरुंगात आहे, त्याच्या बाबतीत अधिकाऱ्याने स्वतः जावे किंवा कमिशन पाठवावे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून जिना चढवताना मी पाहिले आहे. गृहभेटीचा अर्ज करता येतो हे त्याच्या मुलांना कोणी सांगितले नव्हते.

मृत्युपत्राचेही तसेच. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, आणि मुदतही नाही. इतर दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत सादर करावे लागतात. बंद लखोट्यात, लाख लावून मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेवताही येते आणि ठेवणारा जिवंत असेपर्यंत ते त्याच्याशिवाय किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाशिवाय कोणाला मिळत नाही.

नोंदणीनंतर पुढे काय होते, यात गेल्या काही वर्षांत चांगला फरक पडला आहे. दस्त नोंदला की महसूल खात्याला कळवणे हे जमीन महसूल संहितेच्या कलम १५४ खालचे जुने कर्तव्य. नोंदणी विभागाची आय-सरिता आणि महसूल खात्याची ई-फेरफार या संगणक प्रणाली जोडल्या गेल्यापासून ही सूचना आपोआप तलाठ्याकडे जाते, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबाऱ्यावर नाव चढवायला वर्षभर तलाठ्याच्या मागे फिरणे कमी झाले. जानेवारी २०२३ च्या सलोखा योजनेनेही एक जुने दुखणे हलके केले. एकाची जमीन बारा वर्षे दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशी अदलाबदल असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी शुल्कात दस्त होतो. बांधावरची किती भांडणे या दोन हजारांत मिटू शकतात, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. २०२५ मध्ये केंद्राने १९०८ च्या कायद्याच्या जागी नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदाही चर्चेला ठेवला, ऑनलाइन सादरीकरणासह. माणूस समोर नसताना पडद्यावर विचारलेला प्रश्न कितपत खरा उरेल, याची मला चिंता आहे. विशेषतः त्या बहिणींसाठी, कारण पडद्याच्या कडेला कोण उभे आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

उरतो तो नकार. नाकारण्याचा अधिकार या अधिकाऱ्याला मोजक्या कारणांसाठी आहे, आणि तो कसा वापरायचा हेही कायद्याने बांधून दिले आहे. कलम ७१ म्हणते की नाकारायचे असेल तर तसा आदेश करावा, कारणे पुस्तक क्रमांक २ मध्ये लिहावीत, दस्तावर 'नोंदणी नाकारली' असा शेरा मारावा आणि मागणी केल्यास कारणांची प्रत विनाविलंब, विनामूल्य द्यावी. प्रत्यक्षात लोकांच्या वाट्याला येतो तो तोंडी नकार. तोही बहुधा साहेबांकडून नाही. बाहेरच दस्तलेखक सांगतो की हे होणार नाही, आत घेत नाहीत. किंवा सर्व्हर नाही, उद्या या. किंवा आणखी एक कागद आणा, मग दुसरा. परगावाहून, पोरांची शाळा आणि शेतातले काम सोडून आलेला माणूस परत जातो आणि त्याच्या हातात नकाराचा एकही पुरावा नसतो. काही जण मग दुसऱ्या वाटेने काम करून घेतात आणि त्या वाटेचा दर सगळ्या बाजारात ठाऊक असतो.

लेखी नकार मिळाला तर कायदा पुढची वाट उघडतो. सही नाकारल्याच्या कारणावरून नोंदणी नाकारलेली नसेल तर आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांत जिल्हा निबंधकाकडे कलम ७२ खाली अपील करता येते. सही नाकारल्याच्या कारणावर असेल तर कलम ७३ खाली त्याच मुदतीत अर्ज. जिल्हा निबंधकाने नोंदवा असे म्हटले आणि दस्त पुन्हा तीस दिवसांत सादर केला, तर तो पहिल्यांदा सादर केला त्याच दिवशी नोंदला असे धरतात. त्यानेही नाकारले तर तीस दिवसांत दिवाणी न्यायालयात कलम ७७ खाली दावा. म्हणून कोणी दस्त नाकारत असेल तर तो सादर करूनच घ्यावा, सादर केल्याची पावती घ्यावी आणि नकार कलम ७१ प्रमाणे लेखी मागावा.  आणि पुस्तक क्रमांक २ मध्ये त्या ऑफिसने वर्षभरात कोणकोणते दस्त कोणत्या कारणांनी नाकारले हे ज्यांना पाहायचे आहे, विशेषतः तालुक्याच्या वार्ताहरांना आणि वकिलांना, त्यांच्यासाठी कलम ५७ आहे. ठरलेली फी भरून अर्ज केला की पुस्तक क्रमांक १ प्रमाणेच पुस्तक क्रमांक २ सुद्धा कोणाही माणसाला पाहण्यासाठी खुले ठेवावे लागते.